लाल कोणत्या बाजूला?

जामनेरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझ्या चाचांचं इलेक्ट्रिक दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायचो. पोळ्याच्या आसपास दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. कपाशीची फवारणी जोरात असते त्या दिवसांत, आणि बॅटरीवरचे फवारणी पंप आल्यापासून निम्म्या दुरुस्त्या त्यांच्याच असायच्या. पाठीवरची टाकी, आत बारा व्होल्टची बॅटरी, एक छोटी मोटर, आणि खाली चार्जिंगचं गोल भोक. शेतकरी पंप टेबलावर ठेवून म्हणायचा, "काल चालत होता, आज बंद पडला." चाचा झाकण उघडायचे, नाकाला लावायचे आणि विचारायचे, "बॅटरी कोणी बदलली?"

जळक्या वासावरून त्यांना कळायचं की प्लस-मायनस उलट लागलं आहे. मोटर उलटी फिरली तर एक वेळ चालतं, पण चार्जिंगची आणि वेग कमीजास्त करायची छोटी पाटी उलटा करंट सहन करत नाही. नवी पाटी मिळेपर्यंत दोन दिवस जायचे. फवारणीचे दोन दिवस म्हणजे काय, हे ज्याच्या कपाशीवर मावा-तुडतुडे चढलेत त्याला विचारा.

चूक कुणाची? शेतकऱ्याची म्हणाल तर त्याने जुनी बॅटरी काढली, नवी घातली, दोन वायरी दोन खिळ्यांना लावल्या. एका पंपात लाल-काळी वायर असते, दुसऱ्यात निळी-तपकिरी, तिसऱ्यात दोन्ही काळ्या. चार्जरची गोष्ट तशीच. साडेपाच मिलिमीटरची ती गोल पिन पंपाला असते, इंटरनेटच्या राउटरला असते, टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सलाही असते. बहुतेकांच्या मधल्या टोकाला प्लस असतो, पण सगळ्यांच्या नाही. गिटारवाले पायाखाली जी आवाज बदलायची डबडी ठेवतात, त्यांच्यात मधोमध मायनस असतो. पिन बसते, म्हणजे चालणार, असं आपलं मन सांगतं. पिन बसणं आणि वीज जुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चार्जर जळल्यावर समजतं.

त्याहून वाईट गोष्ट मी लोडशेडिंगच्या काळात पाहिली. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचा अँप्लिफायर बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालायचा. जुम्म्याला लाइट गेली तरी खुत्ब्याचा आवाज मागच्या सफेपर्यंत जावा म्हणून कुणीतरी बॅटरीच्या वायरीला घरगुती टू-पिन लावून दिली होती. काढायला-घालायला सोपी. हीच युक्ती शेजारच्या भजनी मंडळाने केली होती, कारण अँप्लिफायर दोघांकडे एकमेकांचा यायचा-जायचा. एके दिवशी एका मुलाने टू-पिन पाहिली आणि सरळ भिंतीतल्या बोर्डात घातली. बारा व्होल्टच्या तोंडात दोनशेतीस व्होल्ट गेले. धूर झाला, अँप्लिफायर गेला, मुलगा वाचला. मुलाला सगळे रागावले. चाचा मात्र म्हणाले, "टू-पिन दिसली तर भिंतीतच घालणार ना बेटा, और कहाँ डालेगा?"

हे सगळं आज आठवण्याचं कारण माझा जळलेला रेडिओ.

माझा छंद हौशी रेडिओचा, ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात. केंद्र सरकारच्या दळणवळण खात्याची डब्ल्यूपीसी नावाची शाखा परीक्षा घेऊन परवाना देते, स्वतःचं बोलचिन्ह मिळतं, आणि मग ठरवून दिलेल्या लहरींवर तुम्ही स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलू शकता. मोबाइलच्या जमान्यात हे खूळ कशाला, असं घरचेही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं असतं. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअरला भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी छंदाच्या मोहिमेसाठी रेडिओ घेऊन गेले होते. टेलिफोन गेले, आणि छंदाच्या सेटवरून बेटांवरच्या माणसांची खबर मुख्य भूमीवर पोचू लागली. १९९९चं ओडिशातलं चक्रीवादळ, २६ जानेवारी २००१चा भूजचा भूकंप, दोन्ही वेळी हॅम मंडळी कामाला आली. मोबाइलचा टॉवर पडला किंवा त्याची बॅटरी संपली की ज्याच्याकडे सेट, अँटेना आणि बारा व्होल्टची बॅटरी आहे, तोच बोलू शकतो.

यातली तिसरी वस्तू लोक विसरतात. सेटवर सगळ्यांचं प्रेम, अँटेनावर रात्र-रात्र चर्चा. बॅटरी ते सेट ही दीड मीटरची वायर मात्र कुणी कशीही जोडतो.

तर झालं असं. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडचे आम्ही चार-पाच जण अजिंठ्याच्या डोंगररांगेत एका माथ्यावर सरावाला गेलो होतो. समजा पूर आला, वीज नाही, तर आपण किती वेळात केंद्र उभं करू, एवढंच पाहायचं होतं. दिवस मावळता मावळता माझी बॅटरी उतरली. एका मित्राकडे भरलेली बॅटरी होती. त्याच्या वायरीला आणि माझ्या वायरीला एकाच जातीचे जोड होते, पॉवरपोल नावाचे. मी बॅटरीच्या उजेडात ते जोड एकमेकांत दाबले. टक् असा आवाज आला, आणि मागोमाग तोच वास, जो चाचांच्या दुकानात यायचा.

पॉवरपोल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या अँडरसन कंपनीचा हा जोड. प्रत्येक वायरीसाठी प्लास्टिकचं एकेक छोटं घर, प्लससाठी लाल, मायनससाठी काळं. दोन घरं बाजूबाजूला सरकवून जोडी करायची. यात नर-मादी नसतं. कुठलाही जोड कुठल्याही जोडात बसतो. त्यामुळे माझी बॅटरी तुझ्या सेटला, तुझी वायर त्याच्या बॅटरीला, असं काहीही कशालाही लागतं. उघडं लोखंड बाहेर राहत नाही, म्हणून वायर खाली पडली तरी शॉर्ट होत नाही. आतल्या पट्ट्या पंधरा, तीस आणि पंचेचाळीस अँपिअरच्या मिळतात आणि तिन्ही एकाच मापाच्या घरात बसतात. अमेरिकेतल्या आपत्कालीन हॅम गटांनी हा जोड आपला मानला आणि सोबत एक नियम केला: समोरून, म्हणजे जिथून जोड बसतो त्या बाजूने पाहिलं, आणि घराचा छप्परासारखा भाग वर ठेवला, तर लाल डावीकडे, काळा उजवीकडे.

नियम एवढाच, आणि भानगडही इथेच. प्लास्टिकची ती घरं चार तऱ्हांनी जोडता येतात. कंपनी तुम्हाला अडवत नाही. माझ्या मित्राने चित्र पाहून जोड बनवला होता. चित्र समोरच्या बाजूचं होतं, आणि त्याने जोड हातात धरला होता वायरीच्या बाजूने. मागून पाहिलं की डावं-उजवं बदलतं, आरशात बदलतं तसं. वायरीच्या बाजूने पाहताना लाल उजवीकडे यायला हवा. त्याने चित्राप्रमाणे डावीकडे ठेवला. त्याच्या घरी त्याच्या सगळ्या वायरी तशाच होत्या, म्हणून त्याचं कधी काही बिघडलं नाही. उलट अधिक उलट बरोबर सुलट. त्याची वायर दुसऱ्याच्या वायरीला लागली त्याच दिवशी चूक उघडी पडली. लालसमोर काळा आला होता. दिवसा दिसला असता, संध्याकाळी नाही दिसला.

आता माझा दोष सांगतो, कारण दुसऱ्याचा सांगून झाला. बहुतेक सेटमध्ये वीज आत येते तिथे एक उलटा डायोड बसवलेला असतो. प्लस-मायनस चुकलं की तो सगळा करंट स्वतःवर घेतो आणि वायरीतला फ्यूज उडवतो. सेट वाचतो, फ्यूज जातो. माझ्या सेटला पंधरा अँपिअरचा फ्यूज हवा होता. मागे तो उडाला तेव्हा गावातल्या मोटार-स्पेअरच्या दुकानात तीसचाच मिळाला, मी तोच घातला, आणि विसरून गेलो. त्या संध्याकाळी फ्यूज उडायला जेवढा वेळ लागला त्याच्या आधी डायोड गेला आणि पाटीवरचा तांब्याचा रस्ता जळाला. सेट चार महिने बंद. पुढचा पूर्ण सराव आम्ही उरलेल्या सेटवर केला. तो सराव होता म्हणून. खरा पूर असता तर?

ऑगस्ट २०२१च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात चाळीसगावात पाणी शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळली, रस्ता बंद झाला. पाणी विचारून येत नाही. अशा रात्री जळगावहून सेट येईल, बॅटरी कुणाच्या ट्रॅक्टरमधून निघेल, वायर तिसऱ्याची असेल आणि जोडणारा चौथाच असेल, तोही दमलेला, भिजलेला, अंधारात. कुणाच्या मेहनतीत काही कमी नसेल, तरी केंद्र बंद पडू शकतं, कारण लाल कोणत्या बाजूला हे आधी ठरवलेलं नव्हतं.

लाल डावीकडे की उजवीकडे, यात शहाणं-वेडं काही नाही. माझ्या मित्राची पद्धत जगभर चालत असती तर तीच बरोबर ठरली असती. आपण रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवतो, अमेरिकेत उजवीकडून. दोन्हीकडे माणसं घरी पोचतात. अपघात होतो तो एकाच रस्त्यावर दोघांनी दोन नियम पाळले की. अशा ठिकाणी "माझीही पद्धत चालते की" हे उत्तर होत नाही. ती तुमच्या घरात चालते. जोड नावाची वस्तू मुळात दुसऱ्याच्या घराशी असते.

जामनेरकराला हे वेगळं सांगायला नको. शंभर वर्षं आपली पीजे गाडी पाचोऱ्याला जात होती. तिचे रूळ अडीच फुटांचे, आणि पाचोऱ्याच्या मुख्य मार्गाचे साडेपाच फुटांचे. गाडी लाडकी होती, तिच्या आठवणी काढून आजही म्हातारी माणसं हळवी होतात. पण जामनेरात भरलेला डबा पाचोऱ्याच्या पुढे एक पाऊल जाऊ शकत नव्हता. माणसांनी उतरायचं, गाठोडी उतरवायची, दुसऱ्या गाडीत चढायचं. रूळ मजबूत होते, इंजिन चालत होतं, कमी पडत होता तो शेजाऱ्याशी मेळ. २०२०मध्ये ती गाडी थांबली. आता मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प आहे. हाच मेळ आधी ठरला असता तर नंतर रूळ उखडून पुन्हा टाकायचा खर्च पडला नसता.

रूळ जुळले नाहीत तर उशीर होतो, काही ठिकाणी मात्र शहर जातं. फेब्रुवारी १९०४मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला मोठी आग लागली. वॉशिंग्टनसह आसपासच्या शहरांमधून आगीचे बंब धावून आले. पाणी होतं, माणसं होती, नळ्याही होत्या. पण प्रत्येक शहराच्या नळीचे आटे वेगळे, बाल्टिमोरच्या नळावर ते बसेनात. तीस तासांहून जास्त आग चालली आणि पंधराशेवर इमारती गेल्या. त्यानंतर आट्यांचं एक माप ठरवण्यात आलं. मदतीला आलेले लोक हात बांधून उभे, ही कल्पनाच अंगावर काटा आणते.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप: "सेटमध्येच संरक्षण द्या, जोडाची काळजी कशाला?" द्यावंच. पण त्याची किंमत आहे. वायरीत सरळ एक साधा डायोड घातला तर उलटी वीज अडते खरी, पण तो सुमारे ०.७ व्होल्ट खातो. मोठा सेट बोलताना वीस अँपिअर ओढतो. म्हणजे चौदा वॅट नुसती उष्णता, आणि उतरत्या बॅटरीत ०.७ व्होल्ट म्हणजे सेट चालणं आणि बंद पडणं यातला फरक. मॉसफेट लावून हे टाळता येतं, नव्या वस्तूंमध्ये ते असावं. पण आपल्याकडे चालणारे सेट जुने आहेत, हातोहात आलेले आहेत. त्यांना वाचवायला योग्य मापाचा फ्यूज आणि एकसारखा जोड, हेच परवडतं.

दुसरा आक्षेप भावाचा. पॉवरपोल महाग, परदेशी, दाबायचं हत्यार वेगळं. त्यापेक्षा ड्रोनवाले वापरतात तो पिवळा एक्सटी-साठ स्वस्त, आणि त्याची एक बाजू तिरपी कापलेली असल्यामुळे तो उलटा बसतच नाही. हा मुद्दा मला पटतो. पिवळ्या जोडात नियम प्लास्टिकमध्येच ओतलेला आहे. पॉवरपोलमध्ये तो माणसांनी लक्षात ठेवायचा आहे. तरी मी पॉवरपोलच्या बाजूने मत देतो, कारण पिवळ्यात नर-मादी आहे. दोन बॅटऱ्यांना दोन माद्या आणि दोन सेटांना दोन नर असले तर ठीक, पण ऐनवेळी हातात दोन माद्या आल्या की खेळ संपला. शिवाय बाहेरून येणारा हॅम पॉवरपोल घेऊन येण्याची शक्यता जास्त. ज्यांच्याकडे पिवळे जोड आहेत त्यांनी ते कापू नयेत. वीतभर वायरीचा एक अडॅप्टर करावा, एकीकडे पिवळा, दुसरीकडे पॉवरपोल.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: "जगात सगळीकडे मायनसच जमिनीला असतो असं कुठे आहे?" खरं आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी असते आणि तिथे प्लस जमिनीला जोडतात, तारा गंजू नयेत म्हणून. जुन्या ब्रिटिश मोटारींतही प्लस बॉडीला असायचा. पण बघा, तिथेही नियम आहे, आणि त्या घरात सगळे तोच पाळतात. वेगळेपणाला कारण असेल तर तो नियम होतो. कारण नसताना वेगळेपणा म्हणजे नुसती सवय.

चौथा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो: "सरकारने करावं." मोबाइलसाठी सरकारं करतात. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक काढलं आहे. त्या जोडाचं कौतुक असं की तो कसाही घाला, बसतो. सुलट-उलट ओळखायचं काम आतली यंत्रणा करते. पण फोन कोट्यवधी आहेत. आमच्या डोंगरावरच्या पाच सेटांसाठी किंवा फवारणी पंपाच्या दोन वायरींसाठी अधिसूचना निघण्याची वाट पाहणं म्हणजे वळवाच्या भरवशावर पेरणी करणं. आणि अमेरिकेतल्या हॅम मंडळींनी तरी कुठे कायद्याची वाट पाहिली? एका गटाने ठरवलं, दुसऱ्याने मानलं, तिसऱ्याने आपले जोड कापून बदलले.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. खानदेशातल्या हॅम मित्रांनी, आणि ज्यांच्याकडे आपत्तीत उपयोगी पडणाऱ्या बॅटऱ्या, दिवे, अँप्लिफायर आहेत त्या मंडळांनी, मशिदींनी, ग्रामपंचायतींनी एवढं करावं.

बारा व्होल्टच्या वायरीला टू-पिन कधीही लावायची नाही. आधीच लावलेली असेल तर आज संध्याकाळी कापून टाकावी. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, हे नको.

सेट आणि बॅटरीला पॉवरपोल लावावा. वायरीच्या बाजूने पाहायचं, छप्पर वर, लाल उजवीकडे. चित्र लावायचं तर वायरीच्या बाजूचं लावावं, कारण बनवणाऱ्याच्या हातात जोड तसाच असतो. आमचा घोळ नेमका तिथे झाला.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लस आणि मायनस दोन्हीत, आणि सेटच्या पुस्तकात लिहिलेल्या मापाचाच. शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर ओतते. वायर आधी वितळते, माणूस नंतर ओरडतो. योग्य मापाचे चार फ्यूज डब्यात टाकून ठेवावेत. तीसचा मिळाला म्हणून तीसचा घालू नये. हे मी कुणाला उपदेश म्हणून सांगत नाही, सेट जाळून सांगतोय.

नवी वायर बनली की आधी मल्टिमीटर लावावा. तपासणाऱ्याने कापडी पट्टीवर तारीख आणि सही करून ती वायरीला बांधावी. पट्टी नाही तर वायर सेटला लावायची नाही, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो. एकसारख्या जोडाचा हाही एक धोका आहे: जोड ओळखीचा दिसला की आपण तपासायचं सोडतो. मी तेच केलं.

आणि पंप-चार्जरवाल्यांनी निदान एक करावं. चार्जरवर आणि पंपावर एकाच रंगाचा ठिपका लावावा, शेजारी व्होल्ट लिहावेत. ठिपका जुळला तरच पिन घालायची. चाचा शेवटच्या वर्षांत हेच करायचे. दुरुस्तीला आलेला प्रत्येक पंप ते नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका देऊन परत पाठवायचे. चाचींच्या बाटलीतला रंग संपायचा आणि घरात भांडण व्हायचं. त्या हंगामात उलट लागलेल्या बॅटऱ्या दुकानात कमी आल्या, असं ते सांगायचे, आणि धंदा कमी झाला म्हणून हसायचे.

माझा सेट आता सुरू आहे. पाटीवरचा जळालेला रस्ता मी तांब्याच्या तारेने जोडून घेतला. तो डाग तसाच दिसतो, मीही तो झाकला नाही. मित्राने त्याच्या घरातले सगळे जोड कापले आणि पुन्हा बनवले. अकरा होते. मी त्याच्याकडे गेलो, आणि एका रविवारी आम्ही दोघांनी बसून ते केलं. तो कापत होता, मी मल्टिमीटर लावत होतो. पूर्ण दुपार गेली. शेवटची पट्टी बांधताना तो म्हणाला, "एवढंच काम होतं, तर आधी का नाही केलं?"

मला उत्तर आलं नाही. पावसाळा जवळ आलाय, तुम्हाला विचारतो: तुमच्या बॅटरीचा लाल कोणत्या बाजूला आहे, आणि ते तुमच्याशिवाय आणखी कुणाला माहीत आहे?